आधी पाय, मग सूर: १२ ते १४ वयोगटाच्या संगीतवर्गाच्या नोंदी

१ जून, तयारी

गट पंधराएक मुलामुलींचा, वयं १२ ते १४. काहीजण दोन-तीन वर्षं तबला किंवा गाणं शिकलेले, बाकीच्यांचा संगीताशी संबंध फक्त ऐकण्याचा. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, प्रत्येकी एक तास. ठरवलेलं काम एवढंच: शेवटी प्रत्येकाला चालू ठेक्यावर (तालाच्या ठरलेल्या बोलांवर) एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) स्वतःचं भरता यावं, सम (फेऱ्याची पहिली मात्रा, म्हणजे पहिला ठोका) न चुकवता आणि आधी पाठ न करता. असाच गट कुणाला घ्यायचा असेल तर काय अडलं आणि कशाने सुटलं हे हाताशी असावं, म्हणून या नोंदी.

हालचालीतून जायचं कारण गेल्या आठवड्यात पुन्हा दिसलं. शिकलेल्या मुलांना एकेक करून तीनतालाचा (१६ मात्रांचा) ठेका म्हणायला सांगितला. हातावर टाळी-खाली देत (जोराच्या जागी टाळी, हलक्या जागी, म्हणजे खालीला, नुसता हात उलटा) सगळ्यांनी बिनचूक म्हटला. तोच ठेका चालत म्हणायला सांगितला, तर पाय एका लयीत आणि बोल दुसऱ्याच. जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात १८९२ पासून शिकवणाऱ्या एमिल झाक-दालक्रोझ यांच्यासमोर हाच प्रश्न होता. विद्यार्थ्यांना स्वरसंगतीचे नियम कागदावर येत, वाद्यही वाजवता येई, पण जे लिहिलंय ते कानात वाजत नसे आणि लय हलत असे. त्यांनी विद्यार्थ्यांना बाकावरून उठवून चालायला लावलं. मीही तिथूनच सुरुवात करणार आहे.

साहित्य: एक डफ, एक कीबोर्ड, तानपुऱ्याचं अॅप, स्पीकर, काही टेनिसचे चेंडू, काही जड चेंडू, हातभर लांबीच्या काठ्या आणि खडू. खोलीतल्या खुर्च्या बाहेर काढल्या. एका भिंतीला मोठा आरसा आहे, त्यावर चादर लावली. या वयात आरसा समोर असला की मुलं दुसरं काहीही करत नाहीत. पायात काही घालायचं नाही, मोजेसुद्धा नाहीत, कारण फरशीवर घसरायला होतं. मोबाइलवर चित्रीकरण कुणीच करायचं नाही, मीही नाही.

४ जून

पहिला तास अर्धा वाया गेला. सूचना अशी होती: "डफ वाजेल, तुम्हाला वाटेल तसं त्यावर हला." दोन मिनिटांत निम्मा गट भिंतीला टेकलेला, उरलेले एकमेकांकडे बघून हसत होते. एक मुलगा जोरजोरात नाचू लागला, पण ते सगळं मित्रांसाठी होतं, डफाकडे त्याचं लक्षच नव्हतं. "लाजू नका" म्हणून काही झालं नाही. कुणी लाजू नका म्हटलं की लाजणाऱ्याला आपण दिसतोय हे आणखी जाणवतं.

तासाच्या मध्यात सूचना बदलली. "समोरच्या भिंतीपर्यंत बरोबर ८ पावलांत पोचायचं. आठव्याला हात भिंतीला लागला पाहिजे." आता पावलं केवढी टाकायची याचा हिशेब करावा लागला. मग १२ पावलांत, मग ५ पावलांत. पाचात पोचायचं तर ढांगा टाकाव्या लागतात, आणि डफाची लय तीच राहिली तर अंगाला जोर काढावा लागतो. हसणं थांबलं. शरीराला काम दिलं की ते कसं दिसतंय हा प्रश्न मागे पडतो. पुढच्या सगळ्या तासांत हे धरून ठेवायचं: "हला" अशी सूचना द्यायची नाही, पोचायचं, पकडायचं, थांबायचं, चुकवायचं असं काम द्यायचं.

मेट्रोनोमवर (नेमक्या लयीत ठोके देणारं यंत्र) लय मिनिटाला ११० ठोक्यांच्या आसपास ठेवली होती. या वयाच्या मुलांची सहज चाल तिथेच कुठेतरी बसते.

८ जून

लय उतरवून ६० केली आणि सगळं कोसळलं. मिनिटाला ६० म्हणजे एका पावलाला एक सेकंद. मुलं पाऊल पटकन टाकून मग थांबून पुढच्या ठोक्याची वाट बघत होती. थांबलं की तोल जातो, तोल सावरायला पाऊल लवकर पडतं, लय धावते. "हळू चाला" असं कितीही सांगितलं तरी फरक नाही, कारण अडचण दोन पावलांच्या मधल्या काळाची होती आणि त्या काळात काय करायचं हे पायांना ठाऊक नव्हतं.

जड चेंडूने सोडवलं. दोघंजण समोरासमोर बसून चेंडू जमिनीवरून ढकलतात, तो समोरच्याच्या हातात नेमका ठोक्याला पोचला पाहिजे. जोरात ढकलला तर लवकर जातो, हळू ढकलला तर मध्येच रेंगाळतो. दहा मिनिटांत खोलीभर चेंडू एका लयीत सरकत होते. मग उभं राहून तोच चेंडू दोन्ही हातांनी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायचा, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश सरकवत. मग चेंडू खाली ठेवून तसंच चालायचं. ६० वर बऱ्याच जणांची पावलं स्थिरावली. विलंबित लयीबद्दल एक शब्दही बोलावा लागला नाही.

११ जून आणि १५ जून

प्रतिसादाचे खेळ. चालताना "हप" म्हटलं की दुप्पट लय, पुन्हा "हप" म्हटलं की मूळ लय. डफ थांबला की जागच्या जागी थांबायचं, पण मात्रा मनात चालू ठेवायच्या आणि ४ मात्रांनी सगळ्यांनी एकदम निघायचं. हा शेवटचा भाग सगळ्यात उपयोगी आहे. कोण आतून मोजतंय आणि कोण शेजाऱ्याकडे बघून निघतंय हे लगेच कळतं.

पायात मूळ लय आणि हातात दुप्पट, हे अनेकांना जमलं नाही. त्यातही नुकतेच झपाट्याने उंच झालेले दोघं-तिघं फार अडखळले. वाढीच्या या काळात हातापायांची लांबी बदललेली असते आणि जुना अंदाज चुकतो. त्यांना पुन्हा पुन्हा करायला लावणं क्रूरपणाचं झालं असतं. बसून करून घेतलं: टाचा मूळ लयीत, तळहात मांडीवर दुप्पट. बसल्यावर तोल सांभाळायचा नसतो, त्यामुळे दोन तासांत जमलं. उभं राहून करायला मात्र आणखी काही आठवडे लागतील असं दिसतंय आणि तेवढे द्यायचे आहेत.

उड्या मारण्याचे खेळ कमी केले. कडक फरशी आणि वाढते गुडघे यांचं जमत नाही.

१८ जून

जोड्या. "हात धरा" म्हटलं आणि तास थांबला. मुलं मुलींचे हात धरत नाहीत, मुलीही मुलांचे नाहीत, आणि मैत्री नसेल तर मुलगे मुलग्यांचेही नाहीत. हा हट्ट धरण्यासारखा विषय नाही. काठ्या काढल्या. दोघांच्या बोटांच्या टोकांमध्ये एक आडवी काठी, फक्त दाबाने धरलेली. एक चालणार, दुसरा मागे यायचा, काठी पडता कामा नये. स्पर्श नाही, पण समोरच्याची लय, त्याचा थांबा, वळण्याच्या आधीची चुळबुळ हे सगळं काठीतून बोटाला कळतं. डोळे मिटूनही करून पाहिलं. ज्यांना एकमेकांशी बोलायलाही नको असतं अशा जोड्यांचं काम सर्वात नेटकं झालं.

२२ जून ते २९ जून, ताल

दादरा (६ मात्रा) आणि केरवा (८ मात्रा) पटकन झाले. समेला जड पाऊल, खालीला हलकं पाऊल आणि तळहात उलटा. खडूने जमिनीवर खंड (आवर्तनाचे भाग) आखले होते, पण मुलं रेघांकडे बघत चालू लागली आणि कान बंद झाले. दुसऱ्या दिवशी रेघा पुसल्या. त्याऐवजी प्रत्येक खंडाला दिशा बदलायची.

मग झपताल: धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना. दोन पावलं उत्तरेकडे, तीन पूर्वेकडे, दोन दक्षिणेकडे, तीन पश्चिमेकडे. १० मात्रांत माणूस चौकोन फिरून येतो. दोन आणि तीनच्या बाजू सारख्या नसतात असं वाटेल, पण समोरासमोरच्या बाजू सारख्या येतात, कारण २-३-२-३. त्यामुळे सुरुवात झाली तिथेच सम. जागेवर परत आलो म्हणजे ताल बरोबर, ही तपासणी मुलांना इतकी आवडली की त्यांनी स्वतःहून लय वाढवत नेली.

रूपकात खरी गंमत आली: ती ती ना | धी ना | धी ना. इथे समेवरच खाली आहे. आधी "सम म्हणजे जड पाऊल" असं अंगात बसवलेलं, आणि आता पहिलंच पाऊल हलकं टाकायचं. पूर्ण एक तास यात गेला. तबला शिकलेला एक मुलगा म्हणाला, "ताई, मला हे तोंडाने येतं, पायाने का येत नाही?" मी उत्तर दिलं नाही, त्याला चालत ठेवलं. उपाय असा निघाला की पहिल्या तीन मात्रा पाय उचलून हवेत घेतल्यासारख्या, जवळजवळ चवड्यांवर, आणि चौथ्या व सहाव्या मात्रेला टाच रोवून. जड-हलक्याचा क्रम उलटला की खाली कुठे आहे हे आपोआप कळतं.

त्याच तासात एका मुलीने वेगळीच गोष्ट टिपली. सात मात्रा विषम, म्हणून पहिल्या आवर्तनाची सम उजव्या पायावर आली तर दुसऱ्याची डाव्या पायावर येते. खंडांची सुरुवातही तशीच: पहिल्या आवर्तनात उजवा, डावा, डावा आणि दुसऱ्यात डावा, उजवा, उजवा. दोन आवर्तनं झाली की मूळ पाय परत येतो. झपतालात तसं होत नाही, तिथे सम कायम एकाच पायावर. हे मी सांगितलेलं नव्हतं. पुढे तिने यावरूनच चुकलेल्यांना पकडायला सुरुवात केली. "तुझा पाय चुकलाय, म्हणजे एक मात्रा गेली."

२ जुलै, उपजेची (आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्याची) पहिली फेरी

गोल करून उभे, केरवा चालू, प्रत्येकाने आपल्या पाळीला ८ मात्रा टाळ्यांनी काहीही वाजवायचं. पहिल्या मुलीने काहीच वाजवलं नाही, आठही मात्रा हात वर धरून उभी. दुसऱ्याने ठेकाच वाजवला. तबला शिकलेल्यांनी पाठ असलेले तुकडे झोकात वाजवले आणि त्यानंतर उरलेल्यांनी पाळी सोडून दिली. फेरी तिथेच थांबवली.

या वयाला "काहीही कर" ही सर्वात अवघड सूचना आहे. काहीही म्हणजे जे कराल त्यावरून तुम्ही ओळखले जाल. शिवाय गोलात प्रत्येकावर सगळ्यांचे डोळे.

६ जुलै

तीन गोष्टी बदलल्या आणि काम सुरू झालं.

गोल मोडला, सगळे आपापल्या दिशेने चालतात. सगळ्यांनी एकाच वेळी वाजवायचं, म्हणजे कुणाचं कुणाला वेगळं ऐकू जात नाही. आणि जागा फार लहान ठेवली: ८ पैकी पहिल्या ६ मात्रा सगळ्यांना ठरलेल्या, शेवटच्या २ आपल्या. दोन मात्रांत फार काही करता येत नाही, त्यामुळे वाईटही करता येत नाही. एक टाळी, दोन टाळ्या, चुटकी, छातीवर थाप, किंवा नुसती शांतता. शांतता चालते हे मुद्दाम सांगितलं.

दोन तासांत जागा ४ मात्रांपर्यंत वाढली. तेव्हा अर्धा गट ठरलेला भाग वाजवतो आणि अर्धा आपला, मग अदलाबदल. मग चौघांचा गट, मग जोडी. एकट्याने वाजवायला कुणालाही सांगितलं नाही. एकट्याने वाजवायचंय असं ज्याला वाटेल त्याने चालत खोलीच्या मध्यावर यायचं, बस. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. काही आठवड्यांनी मध्यभागी येण्यासाठी थोडी रांग लागली.

शिकलेल्यांचा प्रश्न वेगळा होता. त्यांची बोटं त्यांच्याआधी पाठ तुकडे वाजवतात. त्यांना हात मागे बांधून फक्त पायांनी जागा भरायला सांगितली. पायांना एकही तुकडा पाठ नसतो. एकाला याचा राग आला, त्याचं शिकलेलं काढून घेतलं असं त्याला वाटलं. तास संपल्यावर त्याच्याशी बोलले. त्याला सांगितलं की तुझे तुकडे चांगले आहेत, पण ते तुझ्या गुरूंनी केलेले आहेत आणि मला तुझं ऐकायचंय. पुढच्या वेळी तो आला. मला भीती होती की येणार नाही.

१३ जुलै

आतापर्यंत मी वाजवायची आणि मुलं चालायची. आज उलट केलं. एक मूल चालेल आणि डफ त्याच्या मागे जाईल. ते थांबलं की डफ थांबेल, धावलं की धावेल, एका पायावर डोलत राहिलं तर डफ घुमत राहील.

पहिल्या फेरीत, मध्यभागी कधीच न आलेली, २ जुलैला हात वर धरून उभी राहिलेली मुलगी आज स्वतःहून पुढे आली. खूप हळू चालली, मध्येच थांबली, बराच वेळ थांबली, आणि मग एकच जोराचं पाऊल टाकलं. डफावर थाप पडली तशी ती हसली. तिने तेच पुन्हा केलं, थांबा आणखी लांबवून. खोलीतलं प्रत्येक जण त्या पावलाची वाट बघत होतं. संगीतात ताण कसा तयार होतो यावर मी तासभर बोलले असते तरी हे पोचलं नसतं.

हा खेळ पहिल्या आठवड्यातच घ्यायला हवा, असं पुढच्या गटासाठी लिहून ठेवते. लय ताईच्या हातात आहे आणि आपण ती पाळायची असते, एवढ्यावर मुलं थांबली होती. लय आपल्यामुळे हलते हे कळल्यावर त्यांचं चालणंच बदललं.

यानंतर डफ मुलांकडे दिला. एक चालतो, एक वाजवतो. वाजवणाऱ्याचे डोळे चालणाऱ्याच्या गुडघ्यांवर हवेत, पावलावर नाही. पाऊल दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

१६ जुलै ते २३ जुलै

शाळेच्या परीक्षा, तास बंद. २७ ला परत आले तेव्हा ताल जसाच्या तसा होता, झपतालाचे चौकोन पहिल्याच फटक्यात जमले. विश्वास मात्र मागे गेला होता, पुन्हा भिंतीला टेकणं, पुन्हा हसणं. भिंतीपर्यंत ८ पावलं हा पहिला खेळ पुन्हा घेतला. पूर्ववत व्हायला तो पूर्ण तास गेला. मध्ये खंड पडणार असेल तर परतल्यावर नवीन काही योजू नये.

३० जुलै, सूर

कीबोर्ड आणला. फक्त काळ्या पट्ट्या वापरायच्या, पांढऱ्या पट्ट्यांवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवली. काळ्यांवर कुठेही बोट पडलं तरी कानाला खुपत नाही. कार्ल ऑर्फ यांनी हाच विचार वाद्यातच बसवला होता. १९२४ मध्ये डोरोथे गुंथर यांच्याबरोबर म्युनिकमध्ये सुरू झालेल्या शाळेत ते नाच आणि वादन एकत्र शिकवत, आणि पुढे त्यांच्या पद्धतीतल्या लाकडी-धातूच्या वाद्यांच्या पट्ट्या काढून ठेवता येतील अशा केल्या गेल्या. नको असलेला स्वर समोर नसलाच की मूल स्वरांच्या भीतीतून सुटतं.

भीती गेली, पण संगीत आलं नाही. सगळ्यांनी एकच केलं: डावीकडून उजवीकडे भराभर आणि परत. बोटं पळत होती, कान नव्हता.

उपाय पायांकडूनच आला. जोडीतला एक चालणार, दुसरा कीबोर्डवर. चालणाऱ्याचं पाऊल पडेल तेव्हाच एक स्वर. चालणारा थांबला की स्वर धरून ठेवायचा. चालणाऱ्याने हात वर नेला की वरचा स्वर, खाली आणला की खालचा. आता वाजवणाऱ्याला घाई करताच येईना. एक जोडी पाच मिनिटं तीनच स्वरांत रमली होती.

वाक्यं मात्र संपत नव्हती, नुसता स्वरांचा ओघ चालू. म्हणून दुसरा नियम: वाजवणाऱ्याने श्वास सोडत असतानाच वाजवायचं, श्वास घेताना हात उचलायचा. वाक्याला आपोआप शेवट आला.

३ ऑगस्ट

तेच पाच काळे स्वर, फक्त षड्ज (सा) बदलायचा. काळी तीन (सप्तकातली तिसरी काळी पट्टी) षड्ज धरली तर भूप रागाचे स्वर. काळी चार धरली तर मधमाद सारंगाचे. काळी पाच धरली तर मालकंसाचे. काळी एक धरली तर दुर्गाचे, काळी दोन धरली तर धानीचे. यातून राग शिकवले असं मी म्हणणार नाही. राग म्हणजे चलन (स्वरांची ठरलेली चाल), न्यास (थांबण्याचे स्वर), वादी-संवादी (दोन मुख्य स्वर), आणि ते सगळं इथे नाही. पण बोटं तीच असताना तानपुरा बदलला की सगळ्याचा रंग बदलतो, हे मुलांनी स्वतःच्या हातांनी ऐकलं.

एक गोष्ट आधीच पाहून ठेवा. काळी पाचवर आलो तेव्हा तानपुरा षड्ज-पंचमातच (सा-प) होता. मालकंसात पंचम नाही, आणि काळी पाचचा पंचम पांढऱ्या पट्टीवर येतो. एक मुलगा कान धरून म्हणाला, "मागून काहीतरी टोचतंय." तानपुरा षड्ज-मध्यमावर (सा-म) घेतला आणि टोचणं थांबलं. हा मुलगा पूर्वी काहीच न शिकलेल्यांपैकी आहे.

चालही बदलली. सांगितलं नव्हतं, तरी भूपाला पावलं मोकळी, लांब पडत होती. मालकंसाला बरेचजण जवळजवळ जागीच फिरत होते, पावलं जमिनीला घासत.

६ ऑगस्ट

गळ्याचा प्रश्न पुढे ढकलत आले होते, आज घ्यावा लागला. चार-पाच मुलगे गायला तयार नाहीत. त्यांचे आवाज फुटतायत. स्वरयंत्र वाढतं, मुलग्यांचा आवाज शेवटी साधारण एक सप्तक खाली जातो आणि मधल्या काळात आवाज कुठे लागेल याची त्यांना स्वतःलाच खात्री नसते. वर्गात आवाज चिरकला की हसतात, मग तो मुलगा पुढे अनेक महिने तोंड उघडत नाही. मुलींचाही आवाज या वयात थोडा उतरतो आणि मध्येच नुसता हवेचा येतो, पण ते कुणी लक्षात घेत नाही.

केलं ते असं: तोंड मिटून गुणगुणायचं, शब्द नाहीत, 'आ'कारही नाही. चालता चालता षड्ज सापडला की तो धरून चालायचं. कुठल्या सप्तकात, हे ज्याचं त्याने ठरवायचं. दोन सप्तकांत एकच षड्ज घुमू लागला की खोली भरून जाते आणि खालच्या आवाजाची किंमत कळते. ज्यांना वरचा पंचम लागत नव्हता त्यांना खालचा पंचम दिला. त्यांच्यावाचून तो स्वर गटात कुणाकडेच नव्हता. कुणालाही आवाज "लावून" दाखवायला सांगितलं नाही. दोघांनी अजूनही गुणगुणलेलं नाही. ते डफ वाजवतात आणि उत्तम वाजवतात.

१० ऑगस्ट, तिहाई

हा तास मी सर्वात जास्त वाट पाहत होते तो. तुकडा तीनदा आणि शेवटचा ठोका समेवर, एवढंच सांगितलं. हिशेब त्यांनी करायचा.

केरवा पहिला. समेपासून निघून पुढच्या समेवर पोचायचं, म्हणजे समेसकट ९ मात्रा. ३ मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये थांबा नाही. झपतालात ११: ३ मात्रांचा तुकडा तीनदा आणि मधल्या दोन जागांत एकेक मात्रा विसावा. रूपकात ८: २ मात्रांचा तुकडा, एकेक मात्रा विसावा. तीनतालात १७: ५ मात्रांचा तुकडा, पुन्हा एकेक मात्रा विसावा.

कागदावर पटकन आलं, चालताना विसावा नाहीसा होत होता. तुकडा संपला की पुढचा लगेच सुरू, मग सम एक-दोन मात्रा आधीच. विसाव्याच्या मात्रेला काहीतरी करायला हवं होतं. दोन्ही हात उघडून दिशा बदलायची असं ठरवलं. तिन्ही तुकडे तीन दिशांना, शेवटचं पाऊल मध्यभागी. यानंतर सम चुकली नाही असं नाही, पण चुकली की कुठे चुकली हे मुलं स्वतः सांगू लागली.

सहा मात्रांच्या दादऱ्यात काय करायचं यावर वाद झाला. एका आवर्तनात ७ मात्रा मिळतात, तेव्हा एकच ठोका तीनदा आणि मध्ये दोन-दोन मात्रा रिकाम्या. "ही कसली तिहाई, नुसते तीन धा!" असं म्हणून एका गटाने दोन आवर्तनं घेतली: १३ मात्रा, ३ चा तुकडा तीनदा आणि दोन-दोन मात्रा विसावा. दुसऱ्या गटाला ते रिकामे तीन धाच जास्त आवडले. मलाही.

१३ ऑगस्ट

आवर्तनाची नक्कल. पुढचा जे करतो ते मागच्याने एक आवर्तन उशिरा करायचं आणि त्याच वेळी पुढचा काय नवीन करतोय ते टिपायचं. आज कुणालाच जमलं नाही, चार मात्रांवर आणलं तेव्हा निम्म्यांना जमलं. डोकं खूप थकतं. तासाच्या शेवटी घेतला, तो सुरुवातीला घ्यायला हवा.

१७ ऑगस्ट

सगळं एकत्र लावलं. केरवा, षड्ज काळी तीन. दोघं डफावर, एक तानपुरा सांभाळतो, बाकीचे चालतात. ज्याला वाटेल तो मध्यभागी येतो, एक आवर्तन पायांनी, दुसरं टाळ्यांनी किंवा कीबोर्डवर, आणि तिहाईने बाहेर. ठरलेलं फक्त एवढंच.

पालकांनी बघायला यायचं विचारलं होतं. मुलांना विचारलं, त्यांनी नको म्हटलं. आवाज ध्वनिमुद्रित करून देऊ का, तर त्याला हो. चित्र नाही, फक्त आवाज. त्यात पावलांचा आवाज डफापेक्षा मोठा आलाय, कारण माइक जमिनीवर ठेवला होता. खुर्चीवर ठेवायला हवा होता, पण मला ते पावलांचं मुद्रण आवडलं आणि पालकांना तेच पाठवलं.

एकट्याने मध्यभागी न आलेले अजून तिघं आहेत. त्यातला एक जोडीने येतो. सम बहुतेकांची पक्की आहे. उपज अजून लहान आहे, बऱ्याच जणांचं एक आवर्तन म्हणजे दोन कल्पना आणि एक थांबा. मला त्यात काही कमी वाटत नाही.

२० ऑगस्ट

दोन गट, एक दादरा चालतो आणि दुसरा केरवा, मात्रेची लय एकच. सहा आणि आठ, म्हणजे २४ मात्रांनी दोन्ही समा एकत्र यायला हव्यात. तेव्हा खोलीच्या मध्यरेषेवर सगळ्यांनी समोरासमोर यायचं. दादरावाले चार आवर्तनांनी, केरवावाले तीन आवर्तनांनी.

आज दादरावाले प्रत्येक वेळी केरव्यात ओढले गेले, कारण त्यांच्यातले बरेचजण समोरच्यांकडे बघत होते. पाठमोरं चालवून पाहिलं, थोडं सुधारलं, पण मध्यरेषेवर टक्कर होऊ लागली. पुढच्या सोमवारी दोन वेगळ्या आवाजांची वाद्यं घेऊन करायचंय, दादऱ्याला डफ आणि केरव्याला लाकडी ठोकळे, आणि समेवर दोन्ही वाद्यं एकदम वाजतील अशी. ठोकळे शोधून ठेवायचे आहेत.